पश्चिमेचा पायथा: एका डोंगराचा वणवा आणि त्यामागचं वर्षभराचं काम

तीन वर्षं हा डोंगर पश्चिमेच्या पायथ्याकडूनच पेटला. महिना कधी फेब्रुवारी, कधी मार्च. वेळ मात्र दुपारी एक ते चारच्या दरम्यानची. दरवेळी दहा-पंधरा स्वयंसेवक ओल्या फांद्या घेऊन धावले, दरवेळी ते पोचेपर्यंत आग निम्मा चढ चढून गेलेली होती, आणि दरवेळी माथ्यावरच्या उघड्या कातळाला भिडून ती आपणहून विझली. तिसऱ्या वणव्यानंतर मंडळी वनरक्षकासोबत बसली आणि तिन्ही वर्षांच्या आगीच्या सुरुवातीच्या जागा एका कागदावर मांडल्या. तिन्ही जागा दोनशे मीटरच्या पट्ट्यात होत्या. हा अभ्यास त्या कागदापासून पुढच्या वर्षीच्या आगीपर्यंतचा आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कोरेगाव आणि खटाव तालुक्यांच्या शिवेवरच्या कितीतरी डोंगरांची गत हीच आहे.

आधी जागेबद्दल. राखीव वनाचा हा तुकडा सुमारे ४० हेक्टरचा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. हा डोंगर दुसऱ्या बाजूचा. वीतभर मुरमाड माती, खाली बसाल्ट, मधूनमधून हिवर, खैर, पळस, बोर, मोई, आणि बाकी सगळं गवत. डोंगर म्हटला की काहींना कासचं पठार आठवतं. पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. पण तिथला जांभ्याचा सडा आणि तिथला पाऊस वेगळा, इथला कोरडा माळ वेगळा, आणि तिथले उपाय इथं लागू पडत नाहीत. इथं गवत हेच जंगल आहे. ससा, खोकड, लांडगा, तित्तिर, लावा, चंडोल ही सगळी मंडळी झाडांवर अवलंबून नाहीत, गवतावर आहेत. ‘डोंगर उघडा पडलाय, झाडं लावू’ ही हाक चांगल्या मनानंच दिली जाते, पण या डोंगराचं बरंच नुकसान याच हाकेनं केलं आहे.

आग लावतं कोण?

गावात विचारलं की पहिलं बोट मेंढपाळांकडे जातं. ते चूक आहे, आणि अन्यायाचंही आहे. या पट्ट्यातले बहुतेक धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, घाट उतरून कोकणात किंवा लांबच्या शिवारांत जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. म्हणजे वणव्याच्या दिवसांत त्यांतले बहुतेक जण इथं नसतातच. कागदावरचा दोनशे मीटरचा पट्टा नीट पाहिला तेव्हा खरी कारणं दिसली. खालच्या अंगाला उपशाच्या पाण्यावरचा ऊस आहे. तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात, उन्हाळ्याआधी बांधावरचं गवतही पेटवतात. त्याला लागूनच डोंगरावरच्या देवळाची पायवाट जाते, आणि तिथं विझवून न टाकलेली एक विडी पुरते. फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा पश्चिमेकडून वाहतो. आग चढाला लागली की वरचं गवत तिच्या धगीनं आधीच वाळतं आणि झपाट्यानं पेट घेतं. पायथा, वारा आणि चढ एका रेषेत आले, म्हणून हाच कोपरा.

चौथं कारण समजुतीचं आहे: जाळल्याशिवाय गवत जोमानं फुटत नाही. ही समजूत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नुसतं ‘नाही’ म्हणून जात नाही. जळाल्यावर जुना पेंढा नाहीसा होतो आणि काळ्या जमिनीवर हिरवे कोंब उठून दिसतात. कोंब एरवीही येतातच, पण पेंढ्याखाली झाकलेले असतात. मात्र ते कोंब कोणत्या गवताचे, हे वाकून पाहावं लागतं. जळालेल्या भागात ते बहुतांशी कुसळीचे निघतात. कुसळीचं बी हातात घेऊन पाहावं: टोकाला सुईसारखी अणी, मागं पिळलेली लांब शेपटी. शेपटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती उलगडत फिरू लागते, वाळली की पुन्हा पिळते. दवानं आणि उन्हानं असा पीळ बसत-सुटत ते बी स्वतःला मातीत रोवून घेतं आणि वरून आग गेली तरी वाचतं. मारवेल, पवन्या ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं मात्र दरवर्षीच्या आगीत मागं पडतात. कुसळी वाढली की चारा कमी होतो, जनावरांच्या तोंडाला कुसळं टोचतात, आणि पुढच्या फेब्रुवारीला सरपण जास्त. गुरं राखणाऱ्यांना हे जळालेल्या आणि न जळालेल्या तुकड्याच्या मधल्या रेषेवर उभं राहून दाखवलं तेव्हाच पटलं.

पाचटाचं काम सहा शेतकऱ्यांशी होतं. ‘पेटवू नका’ एवढंच सांगून उपयोग नव्हता, कारण खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायला सरी मोकळी लागते. पाचट ठेवायचं तर काय करायचं, तेही सांगावं लागतं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते एक सरी आड न ठेवता सगळ्या सऱ्यांत दाबायचं, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे, आणि टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं. पहिलं पाणी सरीतून पुढं सरकायला वेळ घेतं, आणि तिथंच माणसं कंटाळून काडी लावतात. चौघांनी हे केलं. दोघांनी पाचट पेटवायचंच ठरवलं. त्यांच्याशी बोलणं असं झालं की आदल्या दिवशी निरोप द्यायचा, सकाळी दव असताना पेटवायचं, डोंगराकडच्या बाजूला आधी नांगराच्या चार ओळी मारून घ्यायच्या आणि पाण्याची मोटर चालू ठेवायची. राखीव वनात आग लावणं किंवा तिथं आग जाईल असं वागणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हे वनरक्षकानं एकदा शांतपणे सांगितलं, आणि ते त्यानंच सांगायला हवं होतं. स्वयंसेवकांनी कायद्याची भाषा सुरू केली की गाव तुटतं.

उन्हाळा: चर कुठं आणि कुठं नाही

एप्रिल-मे मध्ये चर खोदायचा उत्साह असतो. कोरेगाव तालुक्यात तो मुरलेला आहे. वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं पहिलं वर्ष, २०१६, याच तालुक्यात गाजलं आणि पहिला क्रमांकही इथल्याच वेळू गावानं मिळवला. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीतला चर, कसा काढायचा हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं: ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. मीटरभर चरात १८० लिटर पाणी मावतं, शंभर मीटरच्या चरात १८ हजार लिटर.

पण कसा काढायचा हे माहीत असलं तरी कुठं काढायचा ते वेगळं शिकावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात मंडळींनी चांगल्या, दाट मारवेलाच्या उतारावर चर मारले. तिथं त्यांची गरजच नव्हती. गवताच्या मुळ्या पाणी अडवतच होत्या, आणि चरासाठी तेच गवत उपटलं गेलं. मोकळ्या झालेल्या मातीवर पावसाळ्यात गाजरगवत आणि पिवळा कॉसमॉस उगवला. शिवाय एक चर समतल नव्हता. समतल रेषा शोधायची ओळंब्याची लाकडी चौकट, म्हणजे ए-फ्रेम, एकदाच टेकवून पुढं नेली गेली, उलटी फिरवून तपासली नाही, त्यामुळं ओळंब्याची खूण बोटभर सरकलेली कुणाच्या लक्षात आली नाही. बोटभराची चूक पावलापावलाला साठत गेली. जुलैत सगळं पाणी चराच्या सखल टोकाला जमलं, बांध फुटला आणि खाली तीस मीटर लांबीची नवी घळ पडली.

ही घळ पुढच्या उन्हाळ्यात अनघड दगडी बांधांनी सावरली. बांध दोन्ही काठांत फूटभर आत घुसवलेला, उंची मीटरच्या आत, पाण्याकडचा उतार उभा आणि खालचा लांब, मोठे दगड बाहेरच्या अंगाला आणि बारीक आत. मधला भाग कडेपेक्षा वीतभर खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी कडेनं वाट काढतं आणि बांध जागेवर असूनही घळ रुंदावते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला की अंतर बरोबर. चर आता फक्त उघड्या मुरमाच्या पट्ट्यांत काढतात. तेही सलग नाहीत, तुटक. एखादा फुटला तरी दुसऱ्याचं पाणी त्यात येत नाही.

रोपांचीही हीच कथा. आधीच्या वर्षी जूनमध्ये हजारभर रोपं लागली, एका दिवसात, फोटोसकट. पुढच्या मे पर्यंत बहुतेक वाळली, आणि काहींच्या मुळाशी प्लॅस्टिकची पिशवी तशीच निघाली. आता संख्या पाण्यावरून ठरते. दर दहा दिवसांनी रोपामागं १० लिटर धरलं तर २०० रोपांना फेरीला २,००० लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे बारा फेऱ्या, म्हणजे २४ हजार लिटर. टँकर आणि माणसं एवढ्यालाच पुरतात, म्हणून रोपं २०० च. खड्डे ४५ सेंटिमीटरचे, एप्रिलमध्येच काढून उन्हात तापू द्यायचे. जागा गवताच्या मैदानात शोधायची नाही. ओघळाच्या काठाला, दगडाच्या आडोशाला, जिथं एखादं बोरीचं झुडूप आधीच तग धरून आहे तिथं. रोपं दोन वर्षांची, कमरेएवढी: हिवर, खैर, आपटा, कडुनिंब, मोई, ओघळाला उंबर. गिरिपुष्प लावायचं नाही. भराभर वाढतं म्हणून पूर्वी डोंगरोडोंगरी लावलं गेलं, पण त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही.

उन्हाळ्यातलं आणखी एक काम थोडक्यात. पाणवठा बशीसारखा उथळ हवा, एका बाजूनं उतरत गेलेला; उभ्या भिंतीच्या टाक्यात ससा आणि पक्षी बुडून मरतात. मधमाश्यांसाठी दोन-चार दगड पाण्याबाहेर डोकावतील असे ठेवायचे. आठवड्यातून एकदा घासून पाणी बदलायचं आणि त्याच फेरीत आजूबाजूच्या झुडपांत फासे लावलेत का ते पाहायचं, कारण शिकाऱ्यालाही पाणवठ्याची वाट ठाऊक असते. मार्चपासून टिटवीची आणि चंडोलाची अंडी उघड्या जमिनीवर असतात. या दिवसांत ठरलेल्या पायवाटा सोडून माळावर फिरायचं नाही, आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर आल्या पावली मागं वळायचं.

पावसाळा: घाणेरी

आर्द्रा ते मघा हा उपटण्याचा काळ. कॉसमॉस आणि गाजरगवत फुलोऱ्याआधी उपटलं तर त्या वर्षीचं बी पडत नाही. ओल्या जमिनीत ते मुळासकट निघतं. फुलं आल्यावर उपटलं तर जिथं ढीग लावला तिथं पुढच्या वर्षी दुप्पट उगवतं. जुनं बी जमिनीत असतंच, म्हणून एकाच तुकड्यावर सलग तीन-चार वर्षं जावं लागतं. चाळीस हेक्टरभर एकदा फिरून काही साधत नाही. मंडळींनी पायवाटेच्या दोन्ही अंगांचा पट्टा धरला, कारण बी बुटांना आणि जनावरांच्या खुरांना चिकटून तिथूनच आत जातं.

घाणेरी म्हणजे लँटानाचं काटेरी झुडूप; तिचं तंत्र वेगळं. वरून कापली तर दुप्पट फुटते. कुदळीनं सगळं मूळ खणून काढलं तर माती एवढी हलते की खालचं बी वर येऊन पुन्हा जाळी होते. म्हणून झुडपाच्या बुडाशी चार बोटं माती बाजूला करायची, खोड आणि मूळ जिथं मिळतात ती मान दिसली की तिच्या खाली कुऱ्हाडीचा घाव घालायचा. नवे फुटवे त्या मानेतूनच येतात. खाली राहिलेलं मूळ कुजून जातं. मग तीन जणांनी झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळाकडची बाजू आभाळाकडे, म्हणजे खोडाला माती लागून ते पुन्हा रुजत नाही. हातात जाड चामडी मोजे हवेत. पुढच्या दोन पावसाळ्यांत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपटी हातानं उपटायची, आणि मोकळ्या जागेत लगेच मारवेलाची ठोंबं फूट-दीड फुटावर लावायची. जागा रिकामी ठेवली तर घाणेरीच परत येते.

त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पश्चिमेच्या ओघळाच्या दोन्ही काठांवरची घाणेरी अशीच निघाली. काम चोख झालं. उलटी केलेली झुडपं ओघळाच्या काठावरच राहिली. हे लक्षात ठेवावं, पुढं त्याचा संबंध येतो.

हिवाळा: जाळरेषा

वणव्याविरुद्धचं खरं काम फेब्रुवारीत नसतं, ते दिवाळीनंतर असतं. तीन वर्षं जी माणसं दुपारच्या उन्हात फांद्या घेऊन धावली, तेवढ्याच माणसांनी तेवढेच तास नोव्हेंबरात दिले असते तर धावायची वेळ आली नसती. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, त्याआधी तयार हवी, आणि ती एका झटक्यात होत नाही. तीन हात लागतात.

पहिला हात नोव्हेंबरच्या मध्याला. हस्ताचा पाऊस संपलेला असतो, गवत खालून हिरवट आणि वरून पिवळं असतं. या वेळी कापलं तर चारा म्हणून घरी नेण्यासारखं असतं, म्हणून गुरंवाले स्वतः विळे घेऊन येतात. जानेवारीत तेच गवत काडी होतं आणि कुसळांमुळं कुणी हात लावत नाही. कापलेलं गवत रेषेत ढीग करून ठेवायचं नाही. असा प्रत्येक ढीग म्हणजे आगीला पलीकडे जायला पूल आहे. त्याच दिवशी पेंढ्या बांधून खाली उतरवायच्या. वनरक्षकाची लेखी परवानगी आणि वन समितीचा होकार आधी घेतला होता. राखीव वनातलं गवत परवानगीशिवाय कापणं हाही नियमभंगच आहे.

रेषा ९०० मीटरची ठरली: उसाच्या बांधापासून देवळाच्या पायवाटेपर्यंत आणि वाटेच्या कडेनं वर वळलेली. सपाट भागात रुंदी ६ मीटर. चढाला लागते तिथं १० मीटर, कारण चढावर ज्वाळा पुढं झुकतात आणि ठिणगी लांब पडते. सपाटीचा ७०० मीटरचा भाग म्हणजे ४,२०० चौरस मीटर आणि चढाचा २०० मीटरचा २,०००; एकूण ६,२००. बारा जणांनी पाच रविवार सकाळी सात ते अकरा काम केलं, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला एका सकाळी शंभर चौरस मीटरच्या जरा वर. विळ्यानं एवढं झेपतं. दोन गवतकापणी यंत्रं होती, पण लोखंडी पातं दगडावर घासलं की ठिणगी पडते. नोव्हेंबरात ती ओल्या गवतात विझते, जानेवारीत विझत नाही. म्हणून दुसऱ्या हाताला यंत्रावर फक्त नायलॉनची दोरी आणि तीही सकाळीच. पेट्रोल भरायचं ते यंत्र गार करून, उघड्या मुरमावर.

रेषा आखताना एक बदल करावा लागला. संध्याकाळी पाचनंतर पायथ्याच्या एका दाट गवताच्या तुकड्यावर भोवत्या उतरताना दिसले. हे शिकारी पक्षी उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येतात आणि झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. आधी खाली सरपटत घिरट्या, मग पंख वर धरून एकेक जण गवतात बुडाल्यासारखा उतरतो, आणि पाचच मिनिटांत तिथं काही आहे असं कुणाला वाटणारही नाही. आखलेली रेषा नेमकी त्या तुकड्यातून जात होती. ती साठ मीटर खाली, बांधाला लागून घेतली. मुक्कामाची जागा आता रेषेच्या आतल्या, सुरक्षित बाजूला आली. काम वाढलं, पण ज्या गवतासाठी हा खटाटोप चालला आहे तेच कापून टाकण्यात अर्थ नव्हता.

दुसरा हात जानेवारीच्या शेवटी. नोव्हेंबरच्या कापणीनंतर ओलीवर पुन्हा फुटलेलं गवत टिचभर वाढून वाळलेलं असतं. ते खुरप्यानं आणि फावड्यानं माती दिसेपर्यंत खरवडायचं. सगळी रुंदी खरवडायची गरज नाही, मधला दोन मीटरचा पट्टा पुरतो. जिथं वनविभाग मधला पट्टा जाळून घेतो तिथं ते काम वनकर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, सकाळी, वारा पडलेला असताना आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे पंप ठेवून होतं. या मंडळींनी जाळणं टाळलं. तेवढी सराईत माणसं त्यांच्याकडे नव्हती, आणि तो निर्णय योग्य होता.

तिसरा हात मार्चच्या मध्याला, नुसत्या खराट्याचा. पळस, मोई, धावडा यांची पानं तोवर गळून रेषेवर पसरतात, आणि महिन्यापूर्वी स्वच्छ असलेली रेषा पेट घेण्याजोगी होते. सगळ्यात जास्त जाळरेषा इथंच फसतात, कारण काम झालं असं समजून कुणी परत बघायला जात नाही.

आगीच्या दिवसाची तयारीही जानेवारीतच. ट्रकच्या मडगार्डाच्या जुन्या रबराचे हात-दीड हात लांबीचे तुकडे पुरुषभर बांबूला बोल्टनं बसवून दहा फटके केले. फटका आपटायचा नाही, ज्वाळेवर दाबून ओढायचा. आपटला की ठिणग्या उडून मागं पेटतं. शेतातले १६ लिटरचे पाठीवरचे फवारणी पंप चार, तणनाशक न वापरलेले. अंगात सुती कपडे, पायात बूट. टेरिलीन धगीला वितळून कातडीला चिकटतं. तिघांचा गट: दोघं फटक्याला, एक पंपाला. आगीच्या वरच्या अंगाला कुणीही जायचं नाही. मागच्या टोकापासून सुरुवात करून बगलेनं पुढं सरकायचं, म्हणजे अडचण आली तर पाय टाकायला जळून गेलेली काळी जमीन शेजारीच असते. एक जण आग विझवणार नाही, फक्त लांबून वारा आणि माणसं पाहणार. पहिला फोन वनरक्षकाला, तो लागला नाही तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून येणारे आगीचे संदेशही मोबाइलवर घेता येतात, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि गवताची आग तासाभरात डोंगर पार करते. म्हणून फेब्रुवारी ते मे दुपारी बारा ते पाच देवळाच्या ओट्यावर दोन माणसं आळीपाळीनं बसवली.

चौथी आग

ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली, त्याच पट्ट्यातून, पावणेदोनला. ओट्यावरच्या माणसांनी धूर पाहिल्यापासून पहिला गट रेषेवर पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. सपाटीवर आग रेषेला येऊन थांबली. खरवडलेल्या मातीच्या कडेनं काळी पट्टी अशी सरळ दिसत होती की जणू दोरी धरून आखली आहे. चढाच्या दहा मीटरांतही ती पलीकडे गेली नाही.

गेली ती ओघळातून. रेषा ओघळाला आडवी कापून गेली होती, पण तळातला पाचोळा तसाच होता, आणि दोन्ही काठांवर सप्टेंबरात उलटी करून ठेवलेली घाणेरीची झुडपं सहा महिने वाळत पडलेली. ओघळ म्हणजे चढाला लावलेलं धुराडं; खालची धग आत शिरली की हवा वर ओढली जाते. वाळलेली घाणेरी तेलकट असते, भडकून पेटते. तिच्या ज्वाळांनी रेषा ओलांडली आणि वरच्या गवताला धरलं. दोन गटांनी बगलेनं जाऊन ती पाऊण तासात अडवली. अर्ध्या एकराच्या आसपास गवत गेलं. आधीच्या तीन वर्षांत पूर्ण पश्चिम उतार जात होता.

विझल्यावर निम्मी माणसं घरी निघाली, आणि इथं एक गोष्ट बारकाईनं सांगायला हवी. चराऊ डोंगरावर जागोजागी रानगोवऱ्या पडलेल्या असतात. आग वरून गेली की त्या राखेच्या रंगाच्या होतात, धूर येत नाही, विझल्यासारख्या दिसतात. बुटाच्या टोकानं मोडली की आत लालबुंद निखारा. अशी गोवरी तीन-तीन तास धुमसते, आणि वाऱ्यानं उताराला लागली तर गडगडत खालच्या न जळालेल्या गवतात जाते. त्या दिवशी साडेचारला एका गोवरीनं रेषेखालच्या बांधाचं गवत पुन्हा धरलं. मागं थांबलेल्या तिघांकडे एका पंपात चार लिटर पाणी उरलं होतं, तेवढ्यावर ती विझली. तेव्हापासून नियम असा आहे की जळालेल्या भागाच्या कडेपासून आत वीस मीटरपर्यंतची प्रत्येक रानगोवरी मोडायची, पाणी टाकायचं, आणि हात उलटा करून धग येते का ते पाहायचं. पोकळ खोडांचंही तसंच. शेवटचा माणूस अंधार पडल्यावर उतरतो, कारण अंधारात निखारा लांबून दिसतो.

जळालेल्या अर्ध्या एकरावर काही लावलं नाही. पावसाआधी उताराला आडव्या दगडांच्या ओळी टाकल्या आणि पहिला पावसाळा तिथं जनावरं न सोडण्याचं गुरंवाल्यांनी कबूल केलं. ओघळातली उरलेली घाणेरी मे मध्येच काढून उसाच्या बांधापलीकडे उघड्या मुरमावर नेऊन ठेवली. यंदा काढलेलं प्रत्येक झुडूप आठ दिवसांत रेषेपासून तीस मीटर दूर न्यायचं असं ठरलं आहे. ते उचलायला तिघं आणि वाहायला एक ट्रॉली लागते, म्हणून उपटणीचा पट्टा निम्म्यावर आणला. नोव्हेंबरच्या यादीत पहिलं काम ओघळाचं आहे: रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर तळ खरवडायचा, आणि मार्चमध्ये खराटा घेऊन निघायचं ते तिथूनच.